चारी कोपरे शाबूत

टाकळी, नायगावजवळ
६ फेब्रुवारी १९८३

चि. पंचशीला हिस,
तुझ्या आबाचा जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

तुझी दोन पत्रं येऊन पडली आणि माझं एकही गेलं नाही, याबद्दल मनात राग धरू नकोस. पहिलं आलं त्याच आठवड्यात चष्म्याची काडी तुटली. आता दोऱ्याने कानाला बांधतो, पण मान खाली घातली की चष्मा नाकावरून उतरतो. दुसरं आलं तेव्हा विहीर तळाला गेली होती. सगळा दिवस पाण्यापायी जातो आणि संध्याकाळी दिसत नाही. उशिराचं कारण एवढंच. आजीची तब्येत ठीक आहे, जिभेचीही ठीक आहे.

वस्तीतली पत्रं अजून माझ्याकडेच वाचायला येतात. परवा केवळाबाईला कार्ड आलं. पोस्टमन व्यंकटीने ते दोन बोटांत लांब धरून आणलं. कोपरा फाडलेला होता. तिचा भाऊ गेल्याची खबर होती. बाईने मजकूर ऐकलाच नाही, कोपरा बघूनच खाली बसली. आपण जुन्या रीती सोडल्या, सुतक सोडलं, पण ही कोपऱ्याची भीती काही सुटली नाही. मीही लोकांची पत्रं लिहितो तेव्हा वाईट खबर नेहमी तळाशी लिहितो. वरचं तरी माणसाला धड वाचता यावं.

आता तुझं. नवा जिल्हा झाला, नव्या ऑफिसाला नवी माणसं लागली, त्यात तू लागलीस, इथवर मला कळतं. पण टेंपरवारी हा शब्द मला झोपू देत नाही. एप्रिलमध्ये परीक्षा आहे, पास झालीस तर कायम, नापास झालीस तर घरी, असं तू लिहिलंस. घरी म्हणजे कुठे? इथे तर रोजगार हमीची खडी फोडायची आहे. तुझ्या आईबापाच्या मागे आम्ही तुला खडी फोडायला वाढवलं नाही. परीक्षेत एवढं अवघड काय आहे ते लिही. मी चौथीपर्यंत उर्दू शिकलो, आणि किनवटच्या वसतिगृहात कामाठी होतो तेव्हा तिथले साहेब इंग्रजीत रागवायचे, तेवढं इंग्रजी मला येतं. तरी लिही. कळलं नाही तर निदान काळजी कशाची करायची हे तरी समजेल.

तुझा आबा,
निवृत्ती


लातूर
१४ फेब्रुवारी १९८३

ती. आबांना सविनय जयभीम.

पत्र उशिरा आलं, पण आलं. चष्म्याला दोरा बांधून लिहू नका, नायगावला नेऊन काडी बसवून घ्या.

इथेही पाण्याचे हालच आहेत. खोलीवाल्या गुणाबाई (रेणापूरकडच्या आहेत, माणूस चांगलं आहे) नळाला घागरी लावायला पहाटे मलाही उठवतात. ऑफिसात उस्मानाबादहून आलेले फायलींचे गठ्ठे अजून व्हरांड्यात आहेत. त्यांवर बसून आम्ही डबा खातो.

परीक्षा इंग्रजी पत्रं लिहिण्याची आहे. आमचं बाकी काम मराठीतच चालतं, पण बोअरच्या मशीनवाल्या कंपन्या, रेल्वे, हैदराबादचे लोक, यांना इंग्रजीत लिहावं लागतं. मला वाटायचं माझं इंग्रजी चांगलं आहे. आमचे हेडक्लार्क सिद्रामप्पा यांनी माझं पहिलं पत्र वाचून डोक्याला हात लावला. म्हणाले, "बाई, तुझं इंग्रजी लग्नातल्या फेट्यासारखं आहे. रोज कोण फेटा बांधून हिंडतंय?"

झालं असं की मी पुस्तकातले मोठे शब्द लिहिते. काम पुढे ढकललं तर 'पोस्टपोन', चौकशी केली तर 'इन्व्हेस्टिगेट'. लोक रोजच्या पत्रात तसं लिहीत नाहीत. ते साधं क्रियापद घेतात आणि त्याच्यामागे एक बारका शब्द लावतात. 'पुट' म्हणजे ठेवणे. पण 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणे. 'पुट आउट' म्हणजे विझवणे. 'पुट अवे' म्हणजे जागच्या जागी ठेवून देणे. आणि 'पुट अप विथ' म्हणजे सोसणे. क्रियापद एकच, मागचा शब्द बदलला की सगळं काम बदलतं. असे शेकड्यांनी आहेत, आणि एकाला दुसऱ्याचा नियम लागत नाही. घरच्या पत्रात, बातमीत, कंपनीच्या पत्रात, सगळीकडे हेच. माझ्यासमोर ते येतात आणि मला फक्त पुट दिसतं.

सिद्रामप्पा म्हणतात, पाठ करू नको, कुणाला तरी समजावून सांग, म्हणजे राहील. गुणाबाईंना सांगायला गेले तर त्या घोरायला लागल्या. म्हणून दर पत्रात तुम्हाला थोडे पाठवीन. तुम्ही वाक्यं करून पाठवा, मी तपासते.

तुमची,
पंचशीला


टाकळी
३ मार्च १९८३

चि. पंचशीला हिस अनेक आशीर्वाद.

पत्र आणि सोबतचा धड्याचा कागद मिळाला. चष्म्याची काडी अजून बसवली नाही, नायगावला जायचं म्हणजे एक दिवसाचं पाणी बुडतं.

तुझे शब्द मी विहिरीवर नंबर धरून बसलो की म्हणत बसतो. पुट ऑफ, पुट आउट. शेजारचा भुजंग म्हणाला, "निवृत्तीदादा, मंतर म्हणून राहिले का काय? म्हणा, पाणी लागलं तर बरंच हाय." तुझी आजी म्हणाली, "ह्या वयात इंग्रजी शिकून राहिले. आता लातूरला हेच जातेत जणू, पोरीला घरी पाठवून."

पण तिनेच एक गोष्ट काढली. मी तिला पुटचं सगळं वाचून दाखवलं आणि म्हणालो, बघ, कसली भाषा आहे, शेपटाला अक्कल आणि डोक्याला नाही. ती म्हणाली, "आपलं बी तसंच हाय की. पोरीला जेव म्हणलं तर माया. जेवून घे म्हणलं तर घाई. जेवून टाक म्हणलं तर कटकट. आन् जेवून बसली म्हणलं तर घोटाळाच." मी विचार करत राहिलो. खरंच आपण हे कुठे शिकलो? कुणी शिकवलं नाही. ऐकून ऐकून आलं. मग तुला इंग्रजीतलं कोण ऐकवणार, याची मला फिकीर लागली आहे.

एक शंका. धड्याच्या कागदावर तू लिहिलंस की 'पुट आउट द लॅम्प' बरोबर आणि 'पुट द लॅम्प आउट' हेही बरोबर. पण दिव्याच्या जागी 'इट' आला की त्याला मधेच बसवायचं, शेवटी चालत नाही. असं का? एस.टी.त लेकराला दोघांच्या मधे बसवतात तसं आहे का? कारण असेल तर लिही, नसेल तर नाही म्हणून लिही.

माझी वाक्यं:
द वेल इज ड्राइड अप.
टँकर नॉट टर्न अप.
वी पुट अप विथ.

चुका असतील तर आजीला कळू देऊ नकोस. रात्री जागू नकोस. जेवण करतेस का? मागच्या पत्रात डब्याचं होतं, डब्यात काय असतं ते नव्हतं.

तुझा आबा


लातूर
२५ मार्च १९८३

ती. आबांना सविनय जयभीम.

आजीचं 'जेवून टाक' मी सिद्रामप्पांना सांगितलं. ते एवढे हसले की चहा फायलीवर सांडला. म्हणाले, "तुझ्या आजीलाच बसव परीक्षेला."

तुमचं पहिलं वाक्य बरोबर आहे. दुसरं 'द टँकर डिड नॉट टर्न अप' असं हवं. तिसऱ्यात काय सोसलं ते सांगायला पाहिजे, नुसतं 'आम्ही सोसतो' म्हणून इंग्रज थांबत नाही. 'वी पुट अप विथ इट' म्हणा. इटचं कारण मलाही माहीत नाही. लेकराचंच खरं धरून चालू.

मला आता थोडं येऊन राहिलं आहे. परवा बोअरवाल्यांच्या पत्रात मशीन बंद पडल्याचं होतं, 'ब्रोक डाउन', ते मी एका दमात वाचलं. उत्तरात 'प्लीज लुक इन्टू इट' लिहिलं, म्हणजे यात लक्ष घाला. सिद्रामप्पांनी एकही शब्द न खोडता सही केली. घरी येऊन मी गुणाबाईंना गूळ दिला. त्यांना वाटलं माझं लग्न ठरलं.

परीक्षा २० एप्रिलला सकाळी आहे. टेंपरवारी आम्ही सगळेच बसणार, आणि जागा माणसांपेक्षा कमी आहेत. आजीला हे वाचून दाखवू नका. अभ्यास झालेला असूनही हात गार पडतात. तुम्ही एवढं करा, परीक्षेच्या आधी मिळेल असं एक कार्ड टाका. धडा नको, वाक्यं नकोत. घरचं सगळं ठीक आहे, एवढंच लिहा. ते खिशात घालून बसेन.

तुमची,
पंचशीला


टाकळी
१५ एप्रिल १९८३

चि. पंचशीला हिस अनेक आशीर्वाद.

तू सांगितलंस तसं कार्ड टाकतो आहे. घरचं सगळं ठीक आहे. काल जयंतीची मिरवणूक साधीच काढली, पाणी नाही म्हणून जेवणं ठेवली नाहीत, पण विहारात सगळे जमले होते. मी तुझ्या परीक्षेचं कुणाला बोललो नाही, तरी सगळ्यांना माहीत आहे. पेपर सोडवताना घाई करू नकोस. आधी सगळा वाच. आज टँकर आला आहे, रांगेत उभा राहून लिहितो आहे. भुजंग जयभीम सांगतो. तुझी आजी परवा विहिरीवर

(यापुढे कार्डाचा कोपरा फाडलेला.)


टाकळी
२६ एप्रिल १९८३

चि. पंचशीला हिस,

तू गेल्यापासून हे चौथ्यांदा लिहायला बसलो. तू आलीस, एक रात्र राहिलीस आणि माझ्याशी एक शब्द न बोलता पहिल्या गाडीने गेलीस. तुझ्याजागी मी असतो तर मीही बोललो नसतो. पण कार्ड तसं का झालं हे तुला मी सांगितलं नाही. तू दारात उभी होतीस, आजी बाजेवरून विचारत होती, "आलीस का गं? पेपर झाला का?" आणि तू तिथेच उंबऱ्यावर बसलीस. मी तुझ्यासाठी पाण्याचा तांब्या आणायला वळलो आणि सांगायचं राहून गेलं. ते आता लिहितो.

आजी विहिरीवर घसरली ती १३ तारखेला. पाय सुजला, तुटला नाही, हे तू बघितलंस. कार्ड लिहिताना सवयीने मी ती खबर तळाशी लिहून टाकली. लिहून झाल्यावर मनात आलं, ही परीक्षेच्या आधी हे वाचेल आणि हिचे हात अजून गार पडतील. खोडावं तर मला ठाऊक आहे, खोडलेली ओळ माणूस उजेडाला धरून सगळ्यात आधी वाचतो. वस्तीतल्या बायका मला नेहमी तेच विचारतात, दादा, खोडलं ते काय हाय? दुसरं कार्ड नव्हतं. व्यंकटी पिशवी खांद्याला लावून उभा, "दादा, देता का जाऊ?" इकडे टँकरची नळी आमच्या घागरीपर्यंत आलेली, आजी घरी पडलेली, घागर सरकवायला दुसरं कुणी नाही. मी ओळ फाडून काढली आणि कार्ड त्याच्या हातात दिलं. त्यानेही न बघता पिशवीत टाकलं. मला वाटलं सगळी ओळ गेली. चष्म्याची काडी वेळेवर बसवली असती तर दिसलं असतं काय उरलं ते.

आणि कोपरा! एवढी वर्षं मी लोकांना कोपरे फाडलेली कार्डं वाचून दाखवली. ती दारात आली की मी आधी बाईला खाली बसायला सांगतो. माझ्याच हाताने मी कोपरा फाडला आणि तो कोपरा आहे हे माझ्या ध्यानात आलं नाही. मला ओळ दिसत होती, कार्ड दिसत नव्हतं.

तू ते सगळं वाचलंस का नाही, मला माहीत नाही. वाचलं असतंस तरी तुला ठाऊक होतं की आबा वाईट खबर तळाशीच लिहितो.

आता नोकरीचं काय? परीक्षेला आली नाही म्हणून काढून टाकलं का? सिद्रामप्पांना मी स्वतः लातूरला येऊन सांगू का की चूक म्हाताऱ्याची आहे? आजी म्हणते, "तुम्ही जाऊ नका, आनखी काही फाडून याल."

तुझा आबा


लातूर
१२ मे १९८३

ती. आबांना सविनय जयभीम.

तुम्ही येऊ नका. आजीजवळ थांबा.

कार्ड शिपायाने १९ तारखेला दुपारी आणून दिलं. दिलं म्हणजे टेबलाच्या कडेला ठेवलं आणि मागे सरला. मी सगळं वाचलं. वरचं सगळं ठीक होतं, म्हणूनच माझी खात्री झाली. नांदेडच्या स्टँडवर रात्र काढली. आजीचा आवाज ऐकला तेव्हा आनंद व्हायला हवा होता, तो झालाच, पण त्याचबरोबर पेपर सुरू झाला असेल हेही कळलं. तुमच्याशी बोलले असते तर वाईट बोलले असते. म्हणून बोलले नाही.

परत आल्यावर पुन्हा परीक्षेला बसू द्या म्हणून अर्ज लिहिला. इंग्रजीत, आणि सगळे फेटे बांधून. त्यात 'बिरीव्हमेंट' असाही शब्द होता, म्हणजे जवळचं माणूस गेल्याचं दुःख. सिद्रामप्पांनी विचारलं, "कोण गेलं?" मी म्हणाले, कुणी नाही. "मग हा शब्द कशाला? असा अर्ज वर गेला तर साहेब म्हणतील, पोरगी खोटं बोलते. आबाला लिहितेस तसं लिही."

मी तिथेच गठ्ठ्यावर बसून लिहिलं. 'ए कार्ड केम. वन कॉर्नर वॉज टॉर्न ऑफ.' एक कार्ड आलं, कोपरा फाडलेला होता. 'आय सेट ऑफ फॉर होम.' मी घरी निघाले. 'माय ग्रँडमदर कॉल्ड आउट टू मी.' आजीने आतून हाक मारली. 'आय ब्रोक डाउन.' मला रडू कोसळलं. आबा, हे शेवटचं मी बोअरच्या मशीनचं शिकले होते. माणसालाही तेच लावतात. शोधावं लागलं नाही, आपोआप आलं. शेवटी लिहिलं की गावाकडे कोपऱ्याचा अर्थ काय होतो.

सिद्रामप्पांनी दोनदा वाचलं आणि चष्मा पुसला. "यात फेटा न्हाई," एवढंच म्हणाले. त्यांच्या वडिलांची खबरही कोपऱ्यानेच आली होती म्हणे. अर्जावर चार ओळी लिहून त्यांनी तो वर पाठवला. साहेबांनी मला एकदा बसू द्यायचं ठरवलं आहे. पण जागा आता एकच उरली आहे, आणि आजारपणाने राहिलेली आणखी एक मुलगी माझ्याबरोबर बसणार आहे. २७ जूनला पेपर. यानंतर संधी नाही.

आता एक मागते. तोवर मला पत्र टाकू नका. कार्ड नको, पाकीट नको, काहीच नको. शिपाई टेबलाकडे यायला लागला की मी आधी त्याच्या हातातल्या कागदांचे कोपरे बघते, मग दुपारभर काही लिहिता येत नाही. तुमच्यावर राग नाही. मी फार थकले आहे. पेपर झाला की बघू.

पंचशीला


टाकळी
११ जुलै १९८३

चि. पंचशीला हिस अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

आजी बरी आहे. हे पहिल्याच ओळीत लिहितो. काठी घेऊन विहारापर्यंत जाते. तळाशी काही लिहिलेलं नाही, तू आधी तळ बघितलास तरी चालेल.

तू नको म्हणालीस म्हणून मी लिहिलं नाही. लिहायचं पुष्कळ होतं. विहिरीत पार खडक उघडा पडला तेव्हा लिहावंसं वाटलं. केवळाबाई खडीवर चक्कर येऊन पडली, आता बरी आहे, तेव्हाही वाटलं. २७ तारखेला सकाळी मी विहारात जाऊन बसलो. आजी म्हणाली, "पेपर तिचा हाय, उपाशी तुम्ही कामून?" पण तिनेही भाकरीला हात लावला नाही.

त्यानंतर मी थांबलो. वाटलं, पेपर झाला, आता पत्र येईल. पोस्टमन दिसला की मी रस्त्यावर जाऊन उभा राहतो. व्यंकटी लांबूनच हात हलवतो, "न्हाई दादा, आज बी न्हाई." परवा म्हणाला, "तुम्ही असं बघून राहिले की मला या वस्तीत यायचं भ्या वाटायलंय." आता मला कळतं, शिपाई टेबलाकडे आला की तुला काय होत होतं.

दुसरीला जागा मिळाली असेल आणि ते आम्हाला कसं सांगावं म्हणून तू गप्प असशील, असं मला रोज सकाळी वाटतं. संध्याकाळी वाटतं, तू कायम झालीस आणि कामात बुडालीस. दोन्ही मनात धरून दिवस काढायचा म्हणजे दमायला होतं. जागा गेली असेल तर इथे ये. खडीचं मी आधी बोललो होतो ते मनात ठेवू नकोस. वस्तीतली पत्रं आता मला दिसत नाहीत, ती तू वाच. चष्म्याला काडी बसवली, पण काडीने नजर येत नाही.

सोबत जवाबी कार्ड पाठवतो आहे. त्यावर पत्ता मी लिहिलेला आहे, तुला फक्त पेटीत टाकायचं आहे. तुझ्या धड्यातला एक शब्द मी अजून विसरलो नाही, 'राइट बॅक', उलट उत्तर लिही. मागचा बारका शब्द काढला तर नुसतं लिही असं राहतं, आणि ते तर मी एकटाही करत बसतो.

पास असशील तर तसं लिही. नापास असशील तर तसं लिही. दोन्ही लिहिण्याची ताकद नसेल तर पंचशीला, कार्ड कोरंच टाक. चारी कोपरे शाबूत असलेलं कोरं कार्ड मी ओसरीत आजीच्या हातात देईन आणि तिला सांगेन की पोरीचं पत्र आलं. पण लवकर टाक.

तुझा आबा,
निवृत्ती